वाचून तरी काय करणार?

"टॅक्सीचा बॅज काढताना माझी परीक्षा घेतली. चिन्हं विचारली, नियम विचारले. ज्यांनी ते नियम पास केले त्यांना कोणी विचारलं काय, की बाबा, तू तरी वाचलास का?"

पिंट्याच्या हातात मोबाईल आणि मोबाईलवर गोवा विधानसभेचं पर्वरीचं अधिवेशन. विधेयकाचं नाव घेतलं गेलं, होय म्हणणाऱ्यांनी होय म्हटलं, मंजूर. लगेच पुढचं. मिरचीभज्यांची बशी अजून तशीच होती.

फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर असा प्रश्न पडला की संध्याकाळ गेली म्हणून समजा. पिंट्याची मागणी सरळ होती. मतदानाआधी प्रत्येक आमदाराने "मी हे विधेयक पूर्ण वाचलं आहे" असं लिहून सही करावी. सही नाही, तर त्याचं मत मोजायचं नाही.

"आणि वाचून तरी काय करणार?" भाईने विचारलं. भाई पंचायतीचा माजी पंच. कुठल्याही सुधारणेवर पहिला दगड त्याचाच. "व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं त्याचा पक्षाचा हुकूम, निघाला की मत ठरलं. वाचलेल्याचं तेच, न वाचलेल्याचं तेच. उलट वाचणाऱ्याला त्रास जास्त. त्याला कळतं की आपण कशाला हात वर करतोय."

वकीलबाय कोर्टातून थेट आली होती, काळा कोट हातावर टाकून. तिने दुरुस्ती केली. व्हिप मोडला म्हणजे आमदारकी लगेच जात नाही. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर प्रश्न मिटतो, नाही तर सभापतींपुढे अपात्रतेची याचिका येऊ शकते. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने घटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, आलं ते 'आयाराम-गयाराम' थांबवायला.

"थांबले?" भाई म्हणाला, आणि सगळे हसले. या विषयावर गोव्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. सप्टेंबर 2022 मध्ये अकरापैकी आठ. दोन तृतीयांश मिळून गेले की ते विलीनीकरण ठरतं आणि आमदारकी शाबूत राहते. म्हणजे एखाद्या आमदाराने विधेयक खरोखर वाचलं, त्याला ते जमिनीच्या मुळावर येणारं वाटलं आणि त्याने एकट्याने विरोधात मत दिलं, तर तो अपात्र होऊ शकतो. कळपाने पक्षच बदलला तर मात्र काही बिघडत नाही. वाचण्याची सक्ती करायला निघालेल्यांनी आधी या तिढ्याकडे बघायला हवं, असं मला वाटतं. भाईचा मुद्दा मला पटला. तो ज्या सुरात मांडतो तो सूर पटत नाही.

"शिवाय चाळीसातले बारा मंत्री," भाई थांबायला तयार नव्हता. "विधेयक मंत्रिमंडळातून आलेलं. ते बारा आपल्याच विधेयकाच्या विरोधात जातील? मग वाचायचं कोणी? मागच्या बाकांवरच्यांनी? त्यांचं लक्ष महामंडळाच्या खुर्चीकडे."

पिंट्या मोबाईल खिशात घालून म्हणाला, "मग शपथेवर घ्या लिहून. खोटं निघालं तर केस."

यावर दाजींनी चष्मा पुसला. दाजींनी शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. चष्मा पुसला की समजायचं, आता तास सुरू. "शपथ? जानेवारी 2022 आठव. काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्ष सोडणार नाही म्हणून कुठे कुठे शपथ घेतली? पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे, बेतीच्या दर्ग्यात. आणि त्याच सप्टेंबरात अकरापैकी आठ गेले. देवाला न भिणारा माणूस तुझ्या प्रतिज्ञापत्राला भिणार?"

मग दाजी अमेरिकेत गेले. तिथेही ही मागणी जुनी आहे. खासदाराने विधेयक वाचल्याचं शपथेवर सांगावं, असा प्रस्ताव तिथे मांडला गेला आहे, कायदा मात्र झालेला नाही. पण दाजींना सांगायची होती मार्च 2021 ची गोष्ट. करोना मदतीचं विधेयक सिनेटपुढे होतं, 628 पानांचं. विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन सिनेटर रॉन जॉन्सन यांनी नियमावर बोट ठेवलं: सगळं मोठ्याने वाचा. सभागृहाच्या कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने वाचलं. जवळजवळ अकरा तास, रात्री दोन वाजून जाईपर्यंत.

"आणि ऐकायला कोण?" दाजींनी वर्गात विचारावं तसं विचारलं. "सभागृह जवळपास रिकामं. वाचन संपलं तेव्हा ज्यांनी हट्ट धरला ते जॉन्सनही घरी गेलेले. डेमोक्रॅटांच्या एका सिनेटरने ती संधी साधली आणि वीस तासांची चर्चा तीन तासांवर आणायचा प्रस्ताव ठेवला. हरकत घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून मंजूर. वाचनाच्या हट्टापायी चर्चा गेली."

पिंट्या थोडा नरमला. पण त्याचा एक प्रश्न राहिला होता, आणि तो चांगला होता: "बरं, एखादा आमदार प्रामाणिक आहे. घरी नेऊन रात्री वाचतो. त्याला कळेल?"

"नाही कळणार," वकीलबाय म्हणाली. इथून पुढचा अर्धा तास तिचा होता, आणि माझ्या मते त्या संध्याकाळची खरी चर्चा हीच.

दुरुस्ती विधेयक कसं दिसतं, ते तिने वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दाखवलं. मूळ कायद्याच्या अमुक कलमाला पोटकलम एक असा क्रमांक द्यावा, त्यानंतर पुढील पोटकलम घालावं. अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द ठेवावेत. बस. मूळ कायदा शेजारी उघडा नसेल तर यातून कुणालाही काही कळत नाही, वकिलालासुद्धा. कोमुनिदादीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांचा, कायदा तर पोर्तुगीज काळातला, 1961 चा, मूळ पोर्तुगीज भाषेतला. त्यात दुरुस्ती आली की आधी तो शोधण्यापासून सुरुवात.

"आणि आता नगरनियोजनाचं बघा," ती म्हणाली. 1974 चा कायदा. 2023 मध्ये त्यात 17(2) हे पोटकलम घातलं. प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीने राहिलेली किंवा विसंगत झोनची चूक सरकारने दुरुस्त करावी, अशा अर्थाचं. "हे वाचून विरोध कोण करील, सर? चूक आहे, दुरुस्त करा. तुम्ही असता तर तुम्हीही सही केली असती."

दाजी गप्प राहिले. सही केली असती बहुतेक.

खरी मेख नंतरची. चूक म्हणजे नक्की काय, ती कोण ठरवणार, अर्ज कोणी करायचा, हे सगळं नियमांत. आणि नियम खातं करतं आणि राजपत्रात छापतं. मग भातशेतीचा किंवा बागायतीचा एकेक तुकडा, मालकाच्या अर्जावरून, सेटलमेंट, म्हणजे बांधकामाचा झोन, होऊ लागला. लोक कोर्टात गेले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते नियम रद्द केले. "म्हणजे पिंट्या, चाळीसही आमदारांनी ते विधेयक तोंडपाठ केलं असतं, तरी पुढे काय होणार ते त्या कागदावर दिसत नव्हतं. दिसलं असतं ते कोणी विचारलं असतं तर, की चूक म्हणजे काय ते इथेच लिहा. असा प्रश्न एकट्याने घरी वाचून नाही सुचत. समितीत बसलं, नगररचनाकाराला बोलावलं, शेतकऱ्याला बोलावलं, की सुचतो."

दाजींनी संसदेचे आकडे जोडले. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत 16 टक्के. शेतीचे तीन कायदे 2020 मध्ये समितीकडे न जाता झाले, आणि 29 नोव्हेंबर 2021 ला मागे घेतले ते चर्चा न होता. लोकसभेत विधेयकाची प्रत दोन दिवस आधी सदस्यांच्या हाती असावी असा नियम आहे. पण अध्यक्षांना तो बाजूला ठेवता येतो.

एवढ्यात गाड्यावरच्या वहिनींनी चहा देता देता विचारलं, "असतं कुठल्या भाषेत ते?" इंग्रजीत, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या आमदाराचं नाव कशाला घेता," आणि कप उचलून गेल्या. हा टोमणा पूर्ण न्याय्य नाही, इंग्रजी चांगलं येणारे आमदारही न वाचता बसतात. पण 1987 च्या कायद्याने कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीलाही स्थान दिलं, त्या राज्यात विधेयकाबरोबर या भाषांतलं दोन पानांचं टिपण द्यायला कोणाची हरकत असावी, मला समजत नाही.

मी तोवर ऐकत होतो. माझं म्हणणं आमदारांविषयी कमी आणि दिवसांविषयी जास्त होतं. भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक आठवा. 30 जुलै 2021, अधिवेशनाचा शेवटचा दिवस, विरोधक सभात्याग करून बाहेर, विधेयक मंजूर. तीस वर्षं गोव्यात राहिलेल्याला 'भूमिपुत्र' म्हणायचं, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी बांधलेल्या 250 चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी त्याला मिळण्याची वाट मोकळी करायची. सभागृहात ते पार पडलं. मग ते लोकांच्या हातात आलं. गावडा, कुणबी, वेळीप समाजाने विचारलं, तीस वर्षांत भूमिपुत्र होतो, तर आम्ही कोण? कोमुनिदादवाले जमिनीसाठी उठले. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात मुख्यमंत्री 'भूमिपुत्र' हा शब्द काढण्याची भाषा करू लागले. विधेयक राज्यपालांकडे पाठवणार नाही, असंही त्यांना सांगावं लागलं. सभागृहाला जे दिसलं नाही ते गावागावांत चार दिवसांत दिसलं. म्हणून आमदाराने वाचलं की नाही हे राहू दे. मंजुरीपूर्वी पंधरा दिवस विधेयक आपल्याला वाचायला मिळालं पाहिजे, दुरुस्ती असेल तर जुनं कलम आणि नवं कलम शेजारी छापून. आणि आवाजी मतदान बंद. कोणाचा हात वर होता ते नावानिशी नोंदवा.

"वाचनाने नाही पडलं ते," भाईने शांतपणे सांगितलं. "फेब्रुवारी 2022 ला निवडणूक होती. तेच विधेयक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणलं असतं, तर तू वाचत बसला असतास आणि कायदा लागू झाला असता."

"निवडणुकीची भीतीसुद्धा लोकांनी वाचलं म्हणूनच ना?"

"भीती मतांची. वाचणारे किती आणि ऐकीव बोलणारे किती, मोजलंस?"

मोजलं नव्हतं. वकीलबाय माझ्या बाजूने आली, पण अर्धीच. पंधरा दिवस तिला मान्य, नावानिशी मतं मान्य. फक्त दहाव्या परिशिष्टाला हात लावल्याशिवाय ती नावं सगळी एका रांगेत पक्षाच्या हुकमाने येतील, असं तिचं म्हणणं. व्हिप फक्त विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्पापुरता ठेवा, बाकी विधेयकांना आमदार मोकळा. दाजींना ते एकदम पसंत. भाईला त्यात धोका दिसला: मोकळा आमदार म्हणजे प्रत्येक विधेयकाला नवा भाव. गोव्यात राहून हा धोका हसण्यावारी नेता येत नाही, हे मलाही कबूल करावं लागलं.

पिंट्याला भाडं आलं, दाबोळी विमानतळ. जाता जाता त्याने आपली मागणी बदलली. सही नको, शपथ नको. 2027 ला मत मागायला दारात आला की एकच विचारायचं: पाच वर्षांतलं एक विधेयक सांग, जे तुला पटलं नव्हतं, आणि का.

"तो म्हणेल, तुमच्या वाड्यावरचा रस्ता हॉटमिक्स केला की नाही?" भाई म्हणाला.

"केला नाहीच मरे," पिंट्या गाडीतूनच ओरडला.