प्रवाळ सरावले म्हणजे बचावले नव्हेत

‘प्रवाळांनी उष्णतेशी जुळवून घेतलंय, आता काळजी नको’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटकन पटतो.

प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआच्या ओफू बेटावर ओहोटीला उथळ डबक्यांतलं पाणी ३५ अंशांच्या घरात जातं, तरी तिथले प्रवाळ तग धरतात. शेजारच्या कमी तापणाऱ्या डबक्यातले प्रवाळ तिथे नेऊन लावले, तर त्यांचीही सहनशक्ती वाढली. पण मूळ रहिवाशांइतकी नाही. म्हणजे काही भाग सवयीचा, काही जनुकांचा. सवय त्या एका वसाहतीपुरती, म्हणजे एकत्र वाढलेल्या प्रवाळांच्या त्या समूहापुरती असते. उत्क्रांतीला पिढ्या लागतात. मेसेजवाल्याने दोन्ही एकाच पिशवीत कोंबलंय.

काही प्रवाळ आपल्या पेशींत राहून अन्न पुरवणारं शैवाल बदलून उष्णता सोसणारं शैवाल धरतात. साधारण एक अंशाची सवलत मिळते, पण वाढ मंदावते. फुकट काही नाही.

खरी अडचण वेळेची. अनेक प्रवाळ वर्षातून एकदाच अंडी सोडतात, पिल्लं वयात यायला काही वर्षं जातात. आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभित्तीवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ अशी सामूहिक विरंजनं झाली, म्हणजे उष्णतेने शैवाल गमावून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मधली अंतरं तुम्हीच मोजा.