'द फेबलमन्स': कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला मुलगा

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'द फेबलमन्स' (२०२२) या आत्मचरित्रात्मक चित्रपटाविषयी बोलताना बहुतेक जण सिनेमावरच्या प्रेमाचाच उल्लेख करतात, आणि तसे वाटावे असे त्यात पुष्कळ आहेही. १९५२ साली आईवडिलांबरोबर पहिला चित्रपट पाहणारा, पडद्यावरच्या रेल्वे अपघाताने हादरणारा आणि पुढे खेळण्यातल्या आगगाडीची टक्कर चित्रित करून त्या भीतीला मुठीत आणू पाहणारा सॅमी, म्हणजे स्पीलबर्ग यांचेच पडद्यावरचे रूप, कुणालाही आवडेल. मला मात्र हा चित्रपट प्रेमापेक्षा अपराधी भावनेचा अधिक वाटतो.

याचे कारण संकलनाच्या टेबलावरचा प्रसंग. आजी गेल्यानंतर खचलेल्या आईला उभारी यावी म्हणून वडील सॅमीला कॅम्पिंगच्या सहलीची फिल्म जोडायला सांगतात. आई पियानो वाजवते आहे, वडील ऐकत बसले आहेत आणि आपल्या खोलीत सॅमी फिल्मची पट्टी मागेपुढे फिरवतो आहे. चौकटीच्या कडेला त्याला आई आणि वडिलांचा जिवलग मित्र बेनी दिसतात, गरजेपेक्षा जरा जास्त जवळ. तो पुन्हा मागे जातो, पुन्हा पाहतो. चित्रण करताना तो तिथेच उभा होता, पण तेव्हा हे त्याला दिसले नव्हते. मग तो ते तुकडे कापून काढतो, घरच्यांना निर्मळ आनंदाची फिल्म दाखवतो आणि कापलेले तुकडे पुढे एके दिवशी एकट्या आईला कपाटात बसवून दाखवतो. झाकणारा तोच आणि आरोप करणारा तोच, आणि दोन्ही कामे तो एकाच कात्रीने करतो. आईवडील घटस्फोटाचा निर्णय सांगतात तेव्हा रडणाऱ्या घरात त्याला आरशात आपण चित्रीकरण करत असल्याचा भास होतो. तो क्षण इतका थोडक्यात सरतो की सहज नजरेतून सुटावा.

शाळेच्या फिल्ममध्ये तो आपल्याला छळणाऱ्या लोगनला देखणा नायक करून टाकतो, आणि पडद्यावरचा तो मुलगा आपण नाही हे जाणवून लोगन कोलमडतो. हा सूड आहे, लाचारी आहे की निव्वळ चांगला शॉट मिळाल्याचा मोह, हे सॅमीला स्वतःलाही सांगता येत नाही, आणि स्पीलबर्ग ते सांगण्याचा आग्रह धरत नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते.

आईवडिलांच्या घटस्फोटाचा दोष स्पीलबर्ग अनेक वर्षे वडिलांना देत राहिले. खरे कारण आईचे दुसऱ्यावर जडलेले प्रेम होते, आणि वडिलांनी तिच्यासाठी तो दोष मुकाट्याने आपल्या अंगावर घेतला होता. त्यांच्याच 'ई. टी.' (१९८२) या चित्रपटातले वडिलांविना उरलेले घर आठवले की त्या गैरसमजाची सावली किती लांबवर पडली होती, हे कळते. आई २०१७ मध्ये गेली, वडील २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी. चित्रपट त्यानंतर आला. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी स्वतःच्या बालपणावर बेतलेला 'द फोर हंड्रेड ब्लोज' १९५९ मध्ये, विशीतच, आईवडील हयात असताना केला आणि ते दुखावले गेले. (याच त्रुफोंना स्पीलबर्ग यांनी १९७७ मध्ये 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये शास्त्रज्ञाची भूमिका दिली होती.) त्रुफोंच्या चित्रपटात जखम ताजी आहे, म्हणून आरोपीच्या पिंजऱ्यात मोठी माणसे उभी आहेत. इतकी वर्षे थांबल्यामुळे स्पीलबर्ग आईवडिलांना त्या पिंजऱ्यातून सोडवू शकले आणि तिथे कॅमेरा धरलेल्या मुलाला उभे करू शकले. ज्यांच्याविषयी बोलायचे ती माणसे उत्तर द्यायला उरलेली नाहीत, हा आक्षेप उरतोच. पण आईच ही गोष्ट सांग म्हणून मागे लागत असे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

टोनी कुशनर यांच्यासह लिहिलेल्या पटकथेविषयी माझी तक्रार वेगळी आहे. आईचे मामा बोरिस येऊन कला आणि कुटुंब यांच्या ओढाताणीवर जे भाषण करतात, ते जड हर्श यांनी कितीही झोकात केले असले तरी चित्रपट पुढे जे दाखवणार आहे तेच आधी बोलून मोकळे होते. त्याहून खटकते ती वडिलांच्या, म्हणजे बर्टच्या वाट्याला आलेली अपुरी जागा. ज्यांच्यावर अनेक वर्षे अन्याय झाला त्यांचे ऋण फेडण्याची ही संधी होती, तरी चित्रपट पुन्हा आईकडेच ओढला जातो. आई झालेल्या मिशेल विल्यम्स यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, वडील झालेल्या पॉल डॅनो यांना नाही. यात अकादमीइतकाच पटकथेचाही दोष आहे.