मेव्हण्याची एन्ट्री

मिल्या आला की आधी त्याचा मोबाईल येतो, मागून मिल्या. शनिवारी रात्री सांगलीच्या गणपती पेठेत बंद शटरच्या पायरीवर आम्ही भडंग खात बसलो होतो, तर आलाच.

"बापू, तुमचा बाजार उठला. आता एआय हिशोबाच्या एन्ट्र्या मारतंय."

बापू आमच्यातल्या सहा-सात दुकानांची पुस्तकं लिहितो. मान वर न करता म्हणाला, "टॅली सॉफ्टवेअर आलं तेव्हाही माझा बाजार उठला होता. तेव्हापासून जेवायला वेळ मिळत नाही."

मिल्याचं सुरू झालं. ऑटोमेशन, इनसाइट, प्रेडिक्टिव्ह. हा माणूस बायकोशीही असाच बोलत असावा. बिलाचा फोटो काढा, ते वाचतं, लेजर म्हणजे खातं निवडतं, बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवतं. "आणि मराठीत विचारा, अमक्याकडून येणं किती, पटकन सांगतं!"

हार्डवेअरवाला शिवा खवळला. "माझ्याकडं आहे की ते. 2025 च्या 22 सप्टेंबरला सिमेंटचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. हे बाबा दिवाळीपर्यंत 28 च सुचवत होतं. विचारलं तर म्हणे, जुन्या नोंदी बघून शिकतंय."

"म्हणजे तुझ्या वसंतासारखं," बापू म्हणाला. वसंता शिवाच्या दुकानातला पोऱ्या. अजून गिऱ्हाइकाला जुना भाव सांगतो.

मग बापू मिल्याकडं वळला. "एन्ट्री हे दुखणंच नव्हतं रे. टूबी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांची जीएसटीची यादी, 14 तारखेला येतं. समोरच्यानं 11 च्या आत जीएसटीआर-1, म्हणजे त्याच्या विक्रीचा तक्ता, भरला नसला की त्याचं बिल त्यात नाही, आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, लटकलं. कुठलं बिल नाही हे तुझं एआय दोन सेकंदात काढेल, मला दोन तास लागतात. मान्य. पण त्या इचलकरंजीच्या माणसाला फोन लावायचा, आधी पोरीच्या लग्नाचं विचारायचं आणि मग शिव्या घालायच्या, हे कोण करणार?"

"एआय कॉल पण येतायत."

"शिव्या आपल्या भागातल्या असतील का?"

मिल्यानं मग हुकमाचं पान टाकलं. "2019 च्या पुरात तुमच्या चोपड्यांचा लगदा झाला. क्लाउडवर असतं तर?"

बापू गप्प झाला. त्या ऑगस्टमध्ये त्यानं फायलींची पानं पंख्याखाली एकेक करून वाळवली होती, आम्ही पाहिलंय. "हे खरं आहे," तो म्हणाला. "पण क्लाउड वेगळा, एआय वेगळं. म्हैस दाखवून रेडा विकू नकोस."

मग त्यानं जे विचारलं, त्याचं उत्तर मिल्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग ठेवावाच लागतो, तो बंद करता येत नाही. कधी, काय बदललं, सगळं त्यात उमटतं. "आता एन्ट्री तुझ्या एआयनं फिरवली, आणि मी घाईत ओके दाबलं. नाव कुणाचं लागणार? नोटीस आली तर सीएसमोर मोबाईल बसणार आहे का खुर्चीवर?"

"तुम्ही जुन्या विचारांचे आहात," मिल्या म्हणाला. म्हणजे संपला.

शिवाला तेवढ्यात आठवलं. "अरे, परवा गंमत झाली. मेव्हण्यानं उसने घेतलेले 15,000 यूपीआयनं परत केले. मशीननं ते विक्रीत टाकले!"

"बरोबरच आहे," बापू म्हणाला. "मागच्या नोंदी बघून शिकतंय ना? त्यात मेव्हण्यानं पैसे परत केल्याची एक तरी नोंद आहे का?"

शिवाला भडंगाचा ठसका लागला. त्याला पाणी पाजेपर्यंत बापूनं मिल्याकडं हात पुढं केला. "आण तो मोबाईल. विचार त्याला, मिलिंदकडून बापूचं येणं किती? गोव्याच्या ट्रिपपासूनचं."

मिल्यानं मोबाईल खिशात घातला. म्हणाला, "मराठी अजून नीट समजत नाही त्याला."