जमिनीखालची ऊब

देवगड तालुक्यातील वडिलोपार्जित जागेत घर बांधायला काढले, तेव्हा चिरे कोणत्या खाणीतून आणावेत, विहिरीचे पाणी मेपर्यंत पुरेल का आणि गडगा नेमका कोणाच्या हद्दीत येतो, या तीन प्रश्नांनी माझी झोप उडेल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तिन्ही प्रश्न आठवडाभरात सुटले. (गडग्याचा वाद कोकणात आठवडाभरात मिटतो, हे वाचून ज्यांचा या लेखावरील विश्वास उडाला असेल त्यांना सांगतो, की शेजारी मुंबईला होता.) त्यानंतरचे चार महिने मात्र मी जमिनीत अडकलो. घराखालची जमीन आमचीच होती. घरातली कोणती करावी, हे ठरत नव्हते.

पहिली ठिणगी म्युनिकहून पडली. तेथे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या घरात फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत आणि हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असताना तो घरात अनवाणी चालतो. हे सुख धाकट्या भावालाही लाभावे, या शुद्ध प्रेमापोटी दादा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला शिकवू लागला. खाली उष्णतारोधक थर, त्यावर नळ्या आणि नळ्यांवर ‘स्क्रीड’, म्हणजे नळ्या झाकणारा सपाट थर. हा स्क्रीड वाळू-सिमेंटचा केला तर 65 ते 75 मिलिमीटर जाड लागतो, जिप्समच्या जातीचा पातळ ओतला तर 50 मिलिमीटरमध्ये भागते, तो स्वतःच समपातळीत पसरतो आणि नळ्यांना चहूबाजूंनी घट्ट बिलगतो. पहिले 40 मिलिमीटर रोज एक याप्रमाणे वाळतात, पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला दोन दिवस धरायचे. म्हणजे हवा कोरडी असेल तर पातळ स्क्रीडला दोन महिने आणि जाड स्क्रीडला साडेतीन. फक्त या पातळ स्क्रीडला ओल अजिबात सोसत नाही, असे दादा जाता जाता म्हणाला. ज्या गावात जुलै महिन्यात काडेपेटीतील काडीही पेटण्यापूर्वी विचार करते, त्या गावाशी तो बोलत होता.

मी वहीत हिशेब मांडला. अशा जमिनीचा पृष्ठभाग 29 अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचा नाही, असा तिकडचा दंडक आहे. आमची पडवी हे तापमान मार्च महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास, एकही नळी न घालता, ओलांडते. दादाला हे कळवल्यावर तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, की त्याच नळ्यांतून थंड पाणीही सोडता येते. ही कल्पना ऐकून मेस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. “थंड जमनीर पावसातली हवा लागली की घाम सुटतलो,” ते म्हणाले, “आनि स्क्रीड म्हंजे आपलो कोबोच मां?” दादाच्या चार रविवारांचे सार मेस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितले होते.

आईला हा सगळा व्यवहार मुळातच संशयास्पद वाटत होता. “जमनीखाली आग कित्याक?” एवढे विचारून तिने शेणाच्या सारवणाची शिफारस केली: उन्हात तापत नाही, पावसात निसरडी होत नाही, गुडघे दुखत नाहीत. यातील प्रत्येक शब्द खरा होता. दर आठ दिवसांनी सारवणार कोण, या पत्नीच्या प्रश्नावर मात्र आईने मौन पाळले आणि मीही त्यात सामील झालो.

मग दुकाने पालथी घातली. मोरबीच्या गुळगुळीत फरशा आरशासारख्या होत्या, पण आमच्याकडे ओल्या पायांनी घरात शिरण्याचा ऋतू चार महिन्यांचा असतो आणि आईचे वय पंचाहत्तर. शहाबादी आणि कोटा हे दोन्ही दगड मनात भरले होते. तेवढ्यात पत्नीने दुकानदाराला विचारले, “आगळ सांडले तर?” दुकानदाराचा चेहरा पडला. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आगळातले कोकमाचे आम्ल त्यांना खाते. ज्या घरात मे महिन्यात बरणीभर आगळ कुठे ना कुठे लवंडतेच, तेथे ही जोखीम कोण घेणार?

अखेर लाल कोबा, म्हणजे सिमेंटची घोटलेली लाल जमीन, ठरला. आगळ सिमेंटलाही चावतेच, पण डाग आणि जमीन एकाच रंगाची असल्यामुळे तक्रार नोंदवता येत नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला. जांभा पाणी शोषून वर चढवतो, म्हणून चोपलेल्या मुरमावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, त्यावर काँक्रीट, त्यावर कोबा. तडे जाऊ नयेत म्हणून काचेच्या पट्ट्यांनी चौकोन पाडले. मेस्त्रींनी गुडघ्यांवर बसून लाल थर थापीने इतका घोटला, की त्यात त्यांचेच तोंड दिसू लागले. ते पाहून त्यांनी मिशी नीट केली. पुढचे दहा दिवस आम्ही त्या जमिनीवर पाणी साठवून तिची राखण केली. वाळवण्यासाठी तिकडे महिने मोजतात आणि आम्ही मात्र ती वाळू नये म्हणून रात्री उठत होतो, हे दादाला शेवटपर्यंत पटले नाही.

आता जुलै उजाडला आहे. माजघरात आडव्या-तिडव्या पाच दोऱ्या बांधल्या आहेत, त्यांवरचे कपडे तीन दिवस ठिबकत आहेत आणि त्यांच्याखाली गोणपाटे अंथरल्यामुळे कोब्याचा रंग आम्ही पंधरा दिवसांत पाहिलेला नाही. काल रात्री आईने आपले लुगडे चाचपून पाहिले, पुन्हा दोरीवर टाकले आणि हळूच जवळ येऊन विचारले, “दादा ज्यो नळयो सांगी होतो, त्येंका खर्च किती येता रे?”