'ऑडिट पास, म्हणजे निर्धास्त' या फॉरवर्डबद्दल

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: पाणी, वीज, बँक, हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी नियमांची पूर्तता केली, ऑडिट पास झालं, जनरेटर बसवला की लोकांनी काळजी करू नये. सायबरचे नियम आयटी कंपन्यांपुरते. आणि पानशेतसारखं आता काही होत नाही. पाठवणारे काका भले आहेत, पण मेसेज नाही.

पानशेतपासून सुरू करतो. 12 जुलै 1961 ला ते धरण फुटलं आणि त्याच लोंढ्यानं खालचं खडकवासला धरणही फोडलं. पुण्याचं नळाचं पाणी खडकवासल्याचंच. म्हणजे ज्या पुरानं पेठा बुडवल्या त्यानंच नळ कोरडे केले. एक गेलं की दुसरं जातं, ही गोष्ट जुनी होत नाही. धरण न फुटताही होतं: 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून सुमारे 35 हजार क्युसेकचा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. धरण ठणठणीत होतं. रहिवाशांची तक्रार होती ती वेळेत सूचना न मिळाल्याची. 30 डिसेंबर 2021 पासून लागू झालेला धरण सुरक्षा कायदा जुन्या धरणांसाठीही पाच वर्षांत आपत्कालीन कृती आराखडा मागतो तो याचसाठी. पण आराखडा कपाटात आणि माणूस तळमजल्यावर, असं असेल तर पूर्तता झाली, सूचना नाही.

'आयटीपुरते' हे तर सरळ चूक. सर्ट-इनचा (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) 28 एप्रिल 2022 चा आदेश सरकारी कार्यालयांनाही लागू आहे आणि कुठल्याही कंपनीलाही. ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग, म्हणजे यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस जपायचे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर हल्ला 11 ऑगस्ट 2018 चा, वार शनिवार. उरलेली रक्कम 13 तारखेला, सोमवारी गेली. मिळून सुमारे 94 कोटी. चोर सुट्टी बघून येतो. तुमच्या फाइलमध्ये शनिवारी रात्री फोन उचलणाऱ्याचा नंबर आहे, की बदली होऊन गेलेल्या साहेबांचा?

आता जनरेटर. माझी सगळी नोकरी यातच झाली, म्हणून जरा लांबण लावतो. एका ठिकाणी (नाव नको) आम्ही दर सोमवारी डीजी सेट (डिझेल जनरेटर) दहा मिनिटं चालवायचो आणि रजिस्टरवर सही करायचो. ऑडिटरनं सह्या मोजल्या, शेरा दिला: समाधानकारक. त्या पावसाळ्यात सकाळी लाइट गेली. सेट लगेच सुरू झाला, आम्ही चहा मागवला. दुपारी सेट बंद. खालच्या मोठ्या टाकीत डिझेल गच्च भरलेलं, पण ते डे टँकमध्ये, म्हणजे सेटला डिझेल देणाऱ्या छोट्या टाकीत, चढवणारा पंप बाहेरच्या लाइनवर जोडलेला! लाइट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून डिझेल नाही. दहा मिनिटांत डे टँक रिकामी होत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नव्हता. संध्याकाळपर्यंत दोन हेल्पर कॅननं डिझेल वाहत होते.

नियम मोडला होता का? अजिबात नाही. सेट चालतो का, एवढंच नियमानं विचारलं होतं. किती तास चालेल आणि कशाच्या जिवावर, हे विचारायचं काम आमचं होतं. मेसेजमधलं एक मात्र मान्य: नियम नसता तर सेटच नसता. ते रजिस्टरही नसतं.

पुढच्याच आठवड्यात पंप डीजीच्या पॅनलवर घेतला. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून, पूर्ण लोडवर, डे टँक एकदा भरावी लागेपर्यंत सेट चालवायचं ठरलं. रजिस्टरमध्ये त्याला रकाना नव्हता. मी तो शेवटपर्यंत समासात पेन्सिलीनं लिहीत राहिलो.