खुलासा : नॉर्मल मॅपमुळे भिंत उंचसखल होत नाही

नॉर्मल मॅप म्हणजे गेममधल्या त्रिमितीय वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचे एक रंगीत चित्र (टेक्स्चर). ‘नॉर्मल मॅप लावला की दगड खरोखर पुढे येतात’ असा मजकूर जळगाव-धुळ्याकडे गेम बनवायला शिकणाऱ्या मुलांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. संगणक-चित्रणाचे संशोधक जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या बम्प मॅपिंगप्रमाणे (उजेड-सावलीने उंचसखलपणाचा भास देण्याच्या पद्धतीप्रमाणे) यातही पृष्ठभाग सपाटच राहतो. तो प्रत्येक पिक्सेलपाशी कोणत्या दिशेला तोंड करून आहे असे मानून उजेड मोजायचा, एवढेच टेक्स्चरचे रंग सांगतात. पारोळ्याच्या किल्ल्यासारखी दगडी भिंत करून कॅमेरा तिच्या कडेला न्यावा, म्हणजे समोरून खडबडीत भासलेली कड पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसेल. खरी उंची हवी असल्यास वस्तूचा आकार ठरवणाऱ्या बिंदूंच्या (शिरोबिंदूंच्या) पुरेशा दाट जाळीवर, ते बिंदूच सरकवणारा डिस्प्लेसमेंट मॅप लावावा लागतो.