हजाराची वीट

ह्यूस्टनच्या आमच्या मित्रमंडळात कुणी गोल्फ खेळतं, कुणी गणपतीत नाटक बसवतं. मी वापरलेली काडतुसं पुन्हा भरतो. रेंजवर नेमबाजी झाली की बाकीचे पाणी प्यायला जातात आणि मी कंबर धरून पितळी पुंगळ्या वेचत बसतो. विकतच्या काडतुसापेक्षा हे स्वस्त पडतं, असं हा छंद लावणाऱ्यांनी सांगितलं होतं.

पुंगळी फुकट. शिसं वितळवून गोळीही घरी ओतता येते. बंदुकीच्या दारूचा एक पौंडाचा डबा नऊ मिलिमीटरच्या हजारभर काडतुसांना आरामात पुरतो. सगळं अडतं ते प्रायमरपाशी. पुंगळीच्या बुडाशी बसणारी ही जेमतेम साडेचार मिलिमीटरची टोपी. बंदुकीच्या पिनेचा ठोसा बसला की तिच्यातलं लेड स्टिफ्नेट हे स्फोटक भडकतं आणि दारू पेटते. ही मात्र घरी करायच्या फंदात शहाण्यानं पडू नये. बरं, अमेरिकेत ती बनवणारे मोठे कारखाने बोटावर मोजण्याइतके, आणि तेच तयार काडतुसंही विकतात. टंचाई आली की प्रायमर आधी त्यांच्या काडतुसांत जातात. उरलंसुरलं आम्हा वेचणाऱ्यांना.

2020 च्या आधी हजाराचं खोकं, म्हणजे आमच्या भाषेत एक वीट, तीस-पस्तीस डॉलरला मिळायची. मग कोविड आला, निवडणूक आली, लाखो लोकांनी पहिल्यांदाच बंदूक घेतली, आणि त्याच वर्षी प्रायमर बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. वीट शंभरीपार. परस्पर विकणारे तर दुप्पट मागायचे, वर उपकाराचा चेहरा. पांडुरंग विटेवर उभा राहिला. मी विटेसाठी, दुकान उघडायच्या तासभर आधी.

दारावर पाटी : माणशी एक. मी बायकोला नेलं. मग नजर सासूबाईंवर गेली. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पण इथल्या कायद्यानं प्रायमर हाही दारूगोळाच, आणि पर्यटक व्हिसावरच्या माणसाला तो जवळ बाळगता येत नाही. अपवाद मोजकेच, त्यातला एक म्हणजे शिकारीचा परवाना असला तर. हे जेवताना सहज बोललो. सासूबाईंनी वरणाची वाटी खाली ठेवून विचारलं, “जावईबापू, परवाना कुठे मिळतो?” त्यांना रांगेची हौस आहे. बायकोनं विषय तिथंच संपवला.

ऑनलाइन घ्यावं तर धोकादायक मालाचं शुल्क वेगळं. ते पार्सलमागे लागतं. आत एक वीट असो की पाच. म्हणजे शुल्क परवडावं म्हणून पाच घ्यायच्या. आता एका काडतुसाचा हिशोब ऐका : प्रायमर 8 सेंट, दारू 3, गोळी विकत घेतली तर 9 किंवा 10. तयार काडतूस सेलमध्ये 25 च्या आसपास. वाचले चार-पाच सेंट. त्यातून भरणीयंत्र, तराजू, साचे आणि माझी कंबर वजा करायची.

हल्ली वीट कधीकधी 75 डॉलरला दिसते आणि मी “किती स्वस्त!” म्हणून घेतोही. आगीच्या नियमावलीप्रमाणे घरात 10,000 प्रायमर ठेवता येतात. माझ्याकडे 9,000 झालेत, म्हणजे अजून एका विटेला जागा आहे. रेंजवर जाणं मात्र सध्या बंद ठेवलंय. उडवले तर संपतील ना!